बहरीनची आठ तासांची फायनल पहिल्यांदाच बघताय? मग हे वाचून बसा

ले माँचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, २४ तासांची रेस, रात्रभर गाड्या पळतात वगैरे. पण ती रेस ज्या चॅम्पियनशिपचा भाग आहे ती डब्ल्यूईसी, म्हणजे वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप, आणि तिचा सीझन नोव्हेंबरच्या सुरुवातीला बहरीनच्या वाळवंटात संपतो हे आपल्याकडे फारसं कुणाच्या खिजगणतीत नसतं. सीझनभर काही बघितलं नाही आणि डायरेक्ट फायनल बघायचीय, चालेल का? चालेल की. उलट मी तर म्हणेन आपल्या लोकांनी सुरुवात बहरीनपासूनच करावी, कारण वेळ आपल्या सोयीची आहे, सर्किट फॉर्म्युला वनमुळे ओळखीचं आहे, आणि सीझनची शेवटची रेस असल्यामुळे पाचव्या नंबरसाठी चाललेल्या मारामारीलासुद्धा काहीतरी हिशोब चिकटलेला असतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. सगळ्यात पुढे कोण पळतंय एवढंच बघत बसलात तर दोन तासांत कंटाळाल. २०२४ ला रेस जिंकली टोयोटाच्या ८ नंबरच्या गाडीने आणि ड्रायव्हर चॅम्पियन झाले पोर्शेची ६ नंबरची गाडी आळीपाळीने चालवणारे एस्त्र, लोटरर आणि व्हांथूर. २०२५ ला परत टोयोटाच, पहिला आणि दुसरा दोन्ही नंबर, आणि चॅम्पियन झाले फेरारीच्या ५१ नंबरचे पिएर ग्विदी, कॅलाडो आणि जोव्हिनात्सी. म्हणजे रेस एकाची आणि सीझन दुसऱ्याचा. हे दोन्ही एकाच वेळी बघायला जमलं की आठ तास कधी जातात कळत नाही.

स्टेप १: वेळ पक्की करा, घरात सांगून ठेवा

रेस शनिवारी असते. गेल्या काही वर्षांत स्टार्ट बहरीनच्या दुपारी २ ला झालाय, म्हणजे भारतात दुपारी साडेचार, आणि संपते आपल्या रात्री साडेबाराला. दुबई-अबुधाबीवाल्यांना ३ ते ११, लंडनला सकाळी ११ ते संध्याकाळी ७. न्यू जर्सीकडच्या मंडळींनी जरा जपून, तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्यामुळे रेस त्याच्या आदल्या दिवशी आली तर सकाळी ७ ला आणि नंतर आली तर ६ ला. तारीख आणि वेळ दरवर्षी ऑफिशियल कॅलेंडरवर एकदा बघून घ्याच.

दिवाळीचंही बघा. २०२४ ला रेस नेमकी पाडव्याला, २ नोव्हेंबरला आली होती, म्हणजे इकडे ओवाळणी आणि फराळ आणि तिकडे टायटल डिसायडर. अशा वर्षी आधीच सेटिंग करून ठेवावी लागते, ऐनवेळी टीव्हीचा रिमोट मिळत नाही.

आठही तास खुर्चीत चिकटून बसायची गरज नाही हे पण ऐका. नवीन माणसाने पहिला पाऊण तास, मग सूर्यास्ताच्या आसपासचा दीड तास आणि शेवटचे दोन तास नीट बघावेत. मधल्या वेळात जेवा, फिरून या, फक्त फोनवर टायमिंग चालू ठेवा.

स्टेप २: ट्रॅकवर एक नाही, दोन रेस चालू आहेत

नवीन माणूस सगळ्यात आधी इथेच गोंधळतो. २०२५ ला एकूण ३६ गाड्या होत्या, १८ हायपरकार आणि १८ एलएमजीटी३, सगळ्या एकाच वेळी एकाच ट्रॅकवर. हायपरकार म्हणजे खास रेससाठी बनवलेल्या गाड्या, फेरारी ४९९पी, टोयोटा, कॅडिलॅक, बीएमडब्ल्यू, अल्पीन, प्यूजो, ॲस्टन मार्टिन व्हॅल्किरी वगैरे. या एकूण रेस जिंकतात. एलएमजीटी३ म्हणजे शोरूममध्ये दिसणाऱ्या स्पोर्ट्स कारची रेससाठी केलेली आवृत्ती, पोर्शे ९११, मस्टँग, कॉर्व्हेट, मॅकलॅरन. यांचं पोडियम वेगळं, टायटल वेगळं.

बहरीनचा ट्रॅक ५.४१२ किलोमीटरचा, १५ टर्न. हायपरकारचा रेसमधला लॅप दोन मिनिटांच्या आत होतो आणि जीटी३ चा दोन मिनिटांच्या थोडा वर जातो. हा फरक दहा-बारा सेकंदांचाच वाटतो, पण त्याचा अर्थ असा की प्रत्येक हायपरकार साधारण नऊ-दहा लॅपमध्ये एकदा त्याच जीटी३ गाडीला गाठून पुढे जाते, आणि अशा १८ गाड्या आहेत, म्हणजे ट्रॅफिक कधी संपतच नाही. चांगला ड्रायव्हर कोण हे मोकळ्या ट्रॅकवर नाही, या ट्रॅफिकमध्ये कळतं. टर्न १० ला बघा, उतारावर वळत वळत ब्रेक मारायचा असतो, आतलं पुढचं चाक हलकं होऊन लॉक होतं आणि धूर निघतो, अशा जागी समोर जीटी३ आली की हायपरकारवाल्याने थांबायचं की घुसायचं हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं.

जीटी३ मध्ये अजून एक मजा आहे. प्रत्येक गाडीत एक ब्रॉन्झ ड्रायव्हर पाहिजेच, म्हणजे ज्याचा पोटापाण्याचा धंदा रेसिंग नाही असा, बरेचदा पैसेवाला बिझनेसमन, आणि त्याला ठरलेला किमान वेळ गाडी चालवावीच लागते. त्याच गाडीत तिसरा माणूस कंपनीचा पगारी प्रोफेशनल असू शकतो. त्यामुळे जीटी३ चा लीडर पहिल्या तीन-चार तासांत कोण आहे याला फार महत्त्व देऊ नका, कुणाचा ब्रॉन्झ अजून चालवायचा बाकी आहे ते बघा. कॉमेंटेटर सांगत असतात, नाहीतर टायमिंगवर सध्या कोण चालवतोय त्याचं नाव असतंच.

आवाजावरूनही गाड्या ओळखता येतात, हा माझा आवडता उद्योग. व्हॅल्किरीला साडेसहा लिटरचं व्ही१२ आहे आणि हायब्रिड काहीच नाही, तिचा किंचाळल्यासारखा आवाज वेगळाच. कॅडिलॅकचं साडेपाच लिटरचं व्ही८ जड, घुमणारं. हेडफोन लावून बघा राव, टीव्हीच्या स्पीकरवर ती मजा नाही.

स्टेप ३: पॉइंटचा हिशोब कागदावर मांडा (हे टाळू नका)

हा भाग मी जरा लांबवणार आहे कारण फायनलचा जीव यातच आहे.

सहा तासांच्या रेसला विजेत्याला २५ पॉइंट मिळतात, ले माँला डबल म्हणजे ५०, आणि बहरीन आठ तासांची असल्यामुळे इथे दीडपट. पहिल्या दहा जणांना असे: ३८, २७, २३, १८, १५, १२, ९, ६, ३, २. शिवाय पोल पोझिशनचा, म्हणजे क्वालिफायिंगमध्ये पहिलं येऊन सगळ्यात पुढून सुरुवात करण्याचा, १ पॉइंट. म्हणजे एका गाडीला बहरीनमधून जास्तीत जास्त ३९ पॉइंट नेता येतात. आता रेसच्या आदल्या दिवशी पॉइंट टेबल उघडायचं आणि पहिल्या नंबरपासून ३९ च्या आत कोण कोण आहे ते बघायचं, तेवढेच जिवंत, बाकीचे फक्त रेस जिंकायला आलेत. पण त्या बाकीच्यांकडे दुर्लक्ष करू नका, ज्याला गमावण्यासारखं काही नाही तोच टायटलवाल्यांच्या वाटेत येतो.

मग पुढची पायरी. पुढे असलेल्याची लीड किती आणि मागचा जिंकला तर पुढच्याला किमान कितवा यायला लागेल हे काढा. आयपीएलच्या शेवटच्या लीग मॅचला आपण नेट रनरेट काढत बसतो ना, तसंच, फक्त इथे हिशोब दर तासाला बदलतो. एक छोटा कागद घ्या, डावीकडे टायटलमधल्या गाड्यांचे नंबर आणि आजपर्यंतचे पॉइंट, उजवीकडे रिकामा रकाना. रेसमध्ये दर तासाला सध्याच्या पोझिशननुसार तो रकाना भरायचा. तीन-चार ओळींचं काम आहे.

हे किती घासून जातं त्याचं उदाहरण २०२४ चं. ड्रायव्हरच्या टायटलमध्ये पोर्शे ६ जवळ ३५ ची लीड होती, म्हणजे ते जवळजवळ सुरक्षित. पण मॅन्युफॅक्चरर म्हणजे कंपनीच्या टायटलमध्ये टोयोटा पोर्शेच्या १० पॉइंटने मागे होती. पोलचा एक पॉइंट टोयोटाने घेतला, राहिले ९. रेसमध्ये टोयोटाची ७ नंबरची गाडी फ्युएल पंपाच्या भानगडीत बाहेर गेली, राहिली एकटी ८ नंबर, ती पण मध्ये मागे पडलेली. आता फक्त जिंकूनच भागणार होतं, दुसरा नंबर आला असता तरी टायटल गेलं असतं. शेवटच्या टप्प्यात ८ नंबरचा ड्रायव्हर बुएमी एकेकाला मागे टाकत वर आला आणि जिंकला. टोयोटाला ३८, पोर्शेला दुसऱ्या नंबरचे २७, वजाबाकी करा, टोयोटा २ पॉइंटने चॅम्पियन. आठ रेसचा सीझन, त्यात ले माँ धरलेलं, आणि फरक दोनचा. कागद समोर नसता तर टीव्हीवर फक्त एक टोयोटा दोन-तीन गाड्यांना ओव्हरटेक करताना दिसली असती.

आणि हे लक्षात ठेवा की इथे टायटल एक नाही. हायपरकारमध्ये ड्रायव्हर आणि मॅन्युफॅक्चरर या दोन वर्ल्ड चॅम्पियनशिप, प्रायव्हेट टीमसाठी वेगळा कप (२०२५ ला तो एएफ कोर्सेने नेला), आणि एलएमजीटी३ मध्ये ड्रायव्हर आणि टीमच्या ट्रॉफ्या. कधीकधी यातलं एखादं बहरीनच्या आधीच ठरलेलं असतं, जसं २०२४ ला जीटी३ चं. जे उरलंय तेवढंच कागदावर घ्या.

स्टेप ४: दोन गाड्या निवडा, एवढंच

सगळ्या गाड्यांवर लक्ष ठेवायला गेलात तर डोकं फिरेल. एक हायपरकार टायटलमधली, आणि एक जीटी३ मनाला येईल ती. हायपरकारमध्ये टायटलचा हिशोब नसेल तर टोयोटा घ्या, कारण २०१७ पासून २०२५ पर्यंत बहरीनला झालेली डब्ल्यूईसीची प्रत्येक रेस टोयोटाने जिंकलीये. सीझनभर चाचपडत असले तरी इथे यांना काहीतरी होतं.

जीटी३ मध्ये लोकांची पसंती वेगवेगळी. मोटोजीपीवाला व्हॅलेंटिनो रॉसी इकडे बीएमडब्ल्यूमध्ये त्याचा तोच ४६ नंबर घेऊन पळाला, त्यामुळे बाईकवाले मित्र आपोआप तिकडे जायचे. आणि आयर्न डेम्स ही टीम होती, गुलाबी गाडी, तिघी ड्रायव्हर बायका. २०२३ ला सारा बोव्ही, मिशेल गॅटिंग आणि राहेल फ्राय यांनी याच बहरीनला त्यांचा क्लास जिंकला, डब्ल्यूईसीमध्ये फक्त महिलांच्या टीमने रेस जिंकायची ती पहिली वेळ. तेव्हा तो क्लास एलएमजीटीई अ‍ॅम होता आणि त्या जुन्या जीटीई गाड्यांची तीच शेवटची रेस होती.

स्टेप ५: स्क्रीन कशी मांडायची

मोठ्या स्क्रीनवर रेस, फोनवर किंवा टॅबवर लाईव्ह टायमिंग. चॅम्पियनशिपचं स्वतःचं ॲप आहे, पैसे भरून लाईव्ह बघता येतं, भारतात त्या वर्षी कुठल्या चॅनलवर आहे ते आदल्या आठवड्यात शोधून ठेवा कारण हे हक्क बदलत असतात. लाईव्ह टायमिंग ऑफिशियल साईटवर असतं.

टायमिंगच्या त्या आकड्यांच्या जंगलात सुरुवातीला तीनच रकाने बघा: क्लासमधली पोझिशन, पुढच्या गाडीपासूनचं अंतर, आणि पिट स्टॉप (इंधन, टायर, ड्रायव्हर बदलायचा थांबा) किती झाले. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. समजा लीडर पुढच्या चाळीस सेकंदांत पिटला जाणार आहे आणि दुसरा नुकताच जाऊन आलाय, तर खरा लीडर तो दुसरा. पोझिशन बघून आनंद किंवा दुःख करायच्या आधी पिटचा आकडा बघायची सवय लावा.

टीव्हीवर कधीकधी टक्केवारीची एक पट्टी दिसते, ती व्हर्च्युअल एनर्जीची. गाड्यांच्या ॲक्सलवर टॉर्क सेन्सर असतात, एका स्टिंटमध्ये, म्हणजे दोन पिट स्टॉपच्या मधल्या वेळात, गाडी किती एनर्जी चाकांपर्यंत नेऊ शकते त्याला मर्यादा असते. टाकीत पेट्रोल असलं तरी ही टक्केवारी शून्याकडे गेली की पिटला यायलाच पाहिजे, नाहीतर पेनल्टी. कुणी अचानक लॅपला अर्धा-एक सेकंद हळू झाला तर गाडी बिघडलीये असं लगेच समजू नका, बऱ्याचदा तो एनर्जी वाचवतोय, म्हणजे शेवटी एक छोटा स्टॉप कमी करायचा डाव आहे. बाय द वे, इंधन २०२२ पासून पूर्ण रिन्युएबल आहे, वाईन बनवताना उरणाऱ्या गाळापासून केलेलं.

बीओपी हा शब्द सारखा कानावर येईल. बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या जवळजवळ सारख्या पळाव्यात म्हणून आयोजक प्रत्येकाचं वजन आणि पॉवर कमीजास्त करतात. यावर सगळे भांडतात, हरलेला हमखास बीओपीच्या नावाने बोटं मोडतो. नवीन असाल तर या वादात पडू नका, रेस बघा.

स्टेप ६: रेस तासातासाने

रोलिंग स्टार्ट असतो. पहिल्या तासात उजेड आणि ऊन दोन्ही भरपूर, ट्रॅक तापलेला. इथे टायर ब्लँकेट वापरायला बंदी आहे, टायर आधी गरम करून मिळत नाहीत, त्यामुळे पिटमधून बाहेर पडलेली गाडी पहिले एक-दोन लॅप घसरत असते. हा नियम नवीन माणसाला बघायला मस्त, कारण त्या दोन लॅपमध्ये मागचा हमखास चान्स मारतो.

बहरीनचा डांबरी पृष्ठभाग खरखरीत, वरून वाळवंटातली वाळू उडून येते, आणि हळू टर्नमधून जोरात बाहेर पडायच्या जागा खूप, म्हणून मागचे टायर इथे खाल्ले जातात. पूर्ण वीकेंडसाठी टायरचा कोटा ठरलेला असतो, प्रत्येक स्टॉपला नवे चार टाकायला पुरत नाहीत. मग कुणी दोन स्टिंट एकाच सेटवर काढतो, कुणी दोनच टायर बदलतो. एक स्टिंट साधारण तासाच्या थोडा आत संपतो. स्टिंटच्या पहिल्या पाच लॅपचे टाइम आणि शेवटच्या पाच लॅपचे टाइम बघा. ज्याचे शेवटचे टाइम फार पडत नाहीत तो आठव्या तासात वर येणार, हे दुसऱ्या तासातच कळतं.

सूर्यास्त. बहरीनला नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य पाचच्या आतच मावळतो, म्हणजे रेसचा तिसरा तास संपत आलेला असतो, आपल्याकडे सव्वासात-साडेसात. इथे बसाच. आधी पश्चिमेचा उजेड सरळ डोळ्यात येतो, मग आकाश केशरी, मग फ्लडलाईट, आणि तेवढ्या वेळात ट्रॅकचं तापमान झपाझप उतरतं. दुपारी जी गाडी मागचे टायर जाळत होती ती आता नीट पळायला लागते, आणि जी उन्हात उडत होती तिला थंड ट्रॅकवर टायरच गरम करता येत नाहीत. नवीन प्रेक्षकाला वाटतं अचानक काय झालं, पण झालेलं एवढंच असतं. या दीड तासात ज्याचा लॅप टाइम सुधारतोय त्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा, रात्रभर तीच परिस्थिती राहणारे.

एखादा पिट स्टॉप जवळून बघा, आठ तासांत प्रत्येक गाडीचे सात-आठ तरी होतात. गाडी ६० च्या स्पीड लिमिटमध्ये पिट लेनमधून येते, खुणेवर थांबते, इंजिन बंद. फायरप्रूफ सूट घातलेला माणूस इंधनाचा पाईप जोडतो. दार उघडतं, आतला ड्रायव्हर बेल्ट सोडून बाहेर, त्याची उंची वेगळी असेल तर तो आपली सीटची गादी काढून घेतो, नवीन माणूस आपली गादी टाकून आत, आणि उतरलेलाच वाकून त्याचे बेल्ट ओढून देतो, रेडिओची वायर लावतो, पाण्याची नळी लावतो. काचेवरची फिल्म कुणीतरी फर्रकन ओढून काढतं, खाली नवी स्वच्छ काच. दार बंद, गाडी निघाली. यात एक बेल्ट अडकला तर सात-आठ सेकंद गेले, आणि ट्रॅकवर सात-आठ सेकंद परत मिळवायला अख्खा स्टिंट लागतो.

चौथा ते सहावा तास, जेवून घ्या.

शेवटच्या दोन तासांत टीमने जपून ठेवलेले नवे टायर बाहेर निघतात आणि सगळ्यात फास्ट ड्रायव्हर गाडीत बसतात. आता कागद हातात घ्या. टायटलवाल्या गाडीला चौथा नंबर पुरत असेल तर ती तिसऱ्यासाठी भांडणार नाही, मागच्याला खुशाल जाऊ देईल, आणि ते बघून शिव्या घालू नका, ते बरोबरच करतायत.

स्टेप ७: पिवळे झेंडे आणि रेस कंट्रोलचे मेसेज

अपघात झाला किंवा ट्रॅकवर तुकडे पडले की एकतर फुल कोर्स यलो, सगळ्यांनी ८० च्या स्पीडने अंतर राखून चालायचं, किंवा सेफ्टी कार, सगळे एकामागे एक गोळा होतात आणि तासाभरात कमावलेली लीड दोन मिनिटांत गायब. बहरीनला रनऑफ (ट्रॅकबाहेरची मोकळी जागा) ऐसपैस आहे म्हणून सेफ्टी कार कमी येईल असं वाटतं, पण येते, आणि शेवटच्या दोन तासांत आली की सगळे हिशोब परत पहिल्यापासून.

स्क्रीनच्या कोपऱ्यात रेस कंट्रोलचे मेसेज येतात ते वाचत जा. २०२१ ची फायनल या मेसेजांवरच गेली. जीटीई प्रो क्लास (त्याच जुन्या जीटीई गाड्या, पण प्रोफेशनल ड्रायव्हरांचा), ५१ नंबर फेरारी आणि ९२ नंबर पोर्शे, टायटलची लढाई शेवटच्या रेसपर्यंत ताणलेली, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत पिएर ग्विदीची फेरारी क्रिस्टनसनच्या पोर्शेला मागून लागली, पोर्शे गरकन फिरली. मागे एक एलएमपी२ गाडी (तेव्हाचा हायपरकारच्या खालचा क्लास) चिकटली होती तिचाही त्यात हात. रेस कंट्रोलने सांगितलं जागा परत दे. फेरारी हळू झाली, पण तेवढ्यात पोर्शेच इंधनासाठी पिटला वळली, मग तो आदेशही उरला नाही, फेरारी जिंकली, टायटलही त्यांचं. पोर्शेने प्रोटेस्ट केला तो फेटाळला. यावर आजही दोन्ही पार्ट्यांचे लोक एकमेकांना सुनावतात. माझं मत विचाराल तर एकदा दिलेला आदेश असा अधांतरी सोडायला नको होता.

प्रत्यक्ष जायचं असेल तर

मुंबईहून मनामाला डायरेक्ट फ्लाइट आहे, व्हिसा ऑनलाइन काढता येतो, अटी अर्ज करायच्या आधी ताज्या वाचा. सर्किट साखीरला, मनामापासून साधारण ३० किलोमीटर, रात्री साडेदहाला परत यायची गाडी आधीच ठरवून ठेवा, सगळे एकदमच बाहेर पडतात. सौदीत दम्माम-खोबरला नोकरी करणारी मंडळी किंग फहद कॉजवेवरून गाडीने येतात, त्यांनी वीकेंडच्या गर्दीचा वेळ धरून निघावं. फॉर्म्युला वनच्या मानाने गर्दी आणि तिकिटाचे दर दोन्ही बरेच कमी असतात. पिट वॉक आणि ऑटोग्राफ सेशन असतं ते चुकवू नका, ड्रायव्हर हाताच्या अंतरावर. कानाला इअरप्लग, दुपारी टोपी, रात्री एक पातळ जॅकेट, उघड्या मैदानात वारा सुटतो.

बसायला टर्न १ च्या आसपासचं स्टँड घ्या, सरळ पट्ट्यावरून जोरात येऊन ब्रेक मारायची जागा आहे, ओव्हरटेक तिथेच जास्त होतात आणि पिटमधून बाहेर येणाऱ्या गाड्याही दिसतात.

स्टेप ८: झेंडा पडला तरी लगेच झोपू नका

बहरीन ही निरोपाची जागा पण आहे. ऑडीने २०१६ ला इथेच शेवटची रेस जिंकून डब्ल्यूईसी सोडलं, त्याच दिवशी मार्क वेबर रिटायर झाला. पोर्शेची एलएमपी१ (हायपरकारच्या आधीचा टॉप क्लास) टीम २०१७ ला इथेच थांबली. २०२५ ला जेन्सन बटनने कॅडिलॅकमधून इथेच करिअर संपवलं आणि पोर्शेच्या फॅक्टरी हायपरकार टीमचीही ती शेवटची डब्ल्यूईसी रेस. म्हणून झेंडा पडल्यावर कॅमेरा विजेत्यावरून हलून भलत्याच गॅरेजमध्ये गेला आणि तिथे मेकॅनिक रडताना दिसले तर गोंधळू नका.

रिझल्ट सुरुवातीला प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता असतो. २०२४ ला ५१ नंबर फेरारी पोडियमच्या जागी येऊन संपली होती, नंतर टायरच्या कोट्यावरून पेनल्टी बसली आणि खाली गेली, प्यूजोला तिसरा नंबर मिळाला. त्यामुळे कागदावरचे शेवटचे आकडे सकाळी चहा घेताना फायनल क्लासिफिकेशन बघूनच भरा.

आणि रविवारी रुकी टेस्ट असते, त्याच ट्रॅकवर. नवीन पोरं आणि दुसऱ्या क्लासमधले ड्रायव्हर हायपरकार चालवून बघतात, २०२४ ला रॉसीने बीएमडब्ल्यूची हायपरकार तिथेच चालवली. याचं सहसा टीव्ही कव्हरेज नसतं, लॅप टाइमची यादी मात्र येते. पुढच्या सीझनला कोण कुठल्या गाडीत दिसेल याचा अंदाज त्या यादीवरून बांधायला सुरुवात करा, पुढचा सीझन सुरू होईपर्यंत तेवढाच टाइमपास.